अप्पांचा जड डबा

“म्हाताऱ्याचा डबा येताना हलका असतो, जाताना जड,” चहावाला गुंडू एका गिऱ्हाइकाला म्हणाला. मी बाबांच्या दुकानात काउंटरमागे पुस्तकात डोकं घालून बसले होते. इंग्रजी शाळेतली, न बोलणारी मुलगी. माझ्यासमोर लोक काहीही बोलत.

म्हातारा म्हणजे शिवलिंगअप्पा. उदगीरच्या आमच्या दुकानात ते चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची मशीन, दुरुस्त करत. त्यांचा कुणावरच विश्वास नसे. आधी गिऱ्हाइकाचं पेट्रोल हुंगत, मग भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून मशीन ऐकत. “तेल कमी टाकलास. खोटं नको बोलू, मशीन खोकायली.” आणि दुसरा प्रश्न ठरलेला, “काय कापायलास? वाळलेलं का हिरवं?”

त्या दुष्काळात वाळलेल्या झाडांना तोटा नव्हता. त्यात आमचा तालुका नवा जिल्हा होणार अशी हवा. रस्ते रुंद होणार म्हणून ठेकेदारांना घाई. छोट्या चेनसॉचं इंजिनाला पेट्रोल पुरवणारं कार्ब्युरेटर काढून मोठं बसवलं की ती झपाट्यानं कापते. ते काम अप्पांसारखं कुणाला जमत नसे. पण काढलेलं कार्ब्युरेटर जायचं कुठे?

मी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी दिसलं. अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्यात टाकलं. घरी मी बाबांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी चारचौघांत डबा उघडायला लावला. आत पाच कार्ब्युरेटर निघाले. प्रत्येकाला चिंधी बांधलेली, चिंधीवर शाईची अक्षरं.

“उद्यापासून येऊ नका,” बाबा म्हणाले. मग चिंध्या माझ्याकडे सरकवल्या. “वाच गं.”

मी मराठी सावकाश वाचते. “नागनाथ, देवणी. बाबूराव, हेर.” पाचही गिऱ्हाइकांचीच नावं आणि गावं होती.

“मोठं बसवून लई पळवायलेत,” अप्पा म्हणाले. “इंजन तेवढ्या ताकदीचं न्हाई. दोन महिन्यांत तापून पिस्टन धरतंय, मशीन जाम. मग रडत येतेत. तवा पिस्टन बदलून त्याचं जुनं त्याला बसवून देतो. त्याच्या हाती दिलं तर इकून टाकील.”

“मग दुकानात ठेवायचं!” बाबा म्हणाले.

अप्पांनी जुन्या सामानाच्या फळीकडे पाहिलं. “इथं ठेवलं तर तुम्ही इकताव, मालक.”

कुणीतरी हसलं. बाबांचे कान लाल झाले. फळीवरचं सामान कुणाचं असतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

अप्पांनी डबा बंद केला, पायात चपला सरकवल्या. दारात थांबून, कप गोळा करायला आलेल्या गुंडूकडे रोखून बघत म्हणाले, “पाच वर्षं तुझा चहा पेलो रे. डब्याचं तूच सांगितलास न्हवं?”

“आईशपथ, मी न्हाई अप्पा!” गुंडूनं कप ठेवून गळ्याला हात लावला. बाबा माझ्याकडे न बघता सामान लावू लागले. आता मी गप्प राहिले तर अप्पांना कधी कळणार नव्हतं.

मी काउंटरच्या बाहेर आले.

“मी सांगितलं, अप्पा. उघडून न बघता सांगितलं. तुम्ही जाऊ नका.”