चेटकिणीच्या हनुवटीवरचं गोंदण

नसीमआपाच्या भाच्याचा, इम्रानचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मालूमावशी, फुप्पी गेल्या..." एवढंच बोलून तो थांबला. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होतील. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी छातीत धस्स झालं ते बिडकीनजवळच्या वस्तीवर एकट्या राहणाऱ्या गिरजाबाईसाठी. आता त्या म्हातारीचं कसं होणार... जिवाभावाची मैत्रीण गेल्यावर माणसाला तिसऱ्याच बाईचा घोर लागावा, हे विचित्रच. पण ते तसं का झालं, तेच सांगायला बसले आहे.

आपा आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. त्यांचे वडील हिमरूच्या शालींची नक्षी काढायचे आणि कापडात रिकामी जागा सोडणं म्हणजे त्यांना कामचुकारपणा वाटायचा. लेकीनं तोच हट्ट कागदावर चालवला. मी जन्माची घाबरट. साधं बस चुकण्याचंही मला टेन्शन. आपा मला 'फिकरवाली' म्हणायच्या. निवृत्तीनंतर आम्ही दोघींनी मिळून मुलांसाठी चेटकिणीचं एक चित्रांचं पुस्तक केलं. गोष्ट माझी, पानाला चार ओळी. बाकी सगळं पान आपाचं.

आणि काय पानं होती ती! चेटकिणीच्या स्वयंपाकघरात आढ्याला कांद्यांच्या माळा आणि त्यांच्याच शेजारी उलटी झोपलेली वटवाघळं. बाजेवर शेवया वाळत घातलेल्या, नीट बघितलं तर त्या उंदरांच्या शेपट्या. फळीवरच्या बरण्यांत एकीत शिंका, एकीत उचक्या, एकीत शेजारणीचा राग. उडायचा झाडू दाराशी साखळीकुलूप लावून उभा, कुणी चोरू नये म्हणून. प्रत्येक पानात कुठंतरी एक पांढरा उंदीर चष्मा लावून वाचत बसलेला. पोरं माझी गोष्ट ऐकायचीच नाहीत. पानावर बोट ठेवायची आणि बोटानं त्या घरात हिंडायची. तासभर त्याच पानावर. माझा जरा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण नंतर मीही चोरून तो उंदीर शोधत बसायचे.

पुस्तक छापून आलं, आसपासच्या गावांतल्या शाळांना आम्ही प्रती वाटल्या, आणि थोड्याच दिवसांत त्या वस्तीवरच्या शाळेच्या गुरुजींचा फोन आला. "बाई, पोरं म्हणतेत, पुस्तकात गिरजाबाईचं चित्र आलंय." मी ते आपाला सांगितलं. आपाचा चेहरा उतरला. आठवडी बाजारात चिंचा विकणाऱ्या एका म्हातारीच्या हनुवटीवरचं गोंदण त्यांच्या मनात भरलं होतं. तीन ठिपके, खाली तुळशीचं पान. सुंदर वाटलं म्हणून त्यांनी ते चेटकिणीला दिलं, आणि हात थांबेना म्हणून सुरकुत्याही दिल्या. शहरात चेटकीण म्हणजे गंमत. तिकडं मात्र भानामतीचं नाव निघालं की अजूनही माणसं आवाज खाली घेतात. एकट्या राहणाऱ्या, झाडपाला देणाऱ्या बाईकडं तर आधीपासूनच बोट असतं.

आम्ही दोघी गेलो. शाळेच्या दाराशी एक बाई कमरेवर हात ठेवून उभीच होती. "माझं वासरू दूध पीत नाय. मला पहिल्यापून डाऊट व्हता. आता तर पुस्तकातच छापून आलंय. छापून आलंय म्हंजी खरंच असंल की!" बत्तीस वर्षं मराठीच्या तासाला मीही पोरांना हेच तर शिकवत आले होते.

गिरजाबाई ओट्यावर चिंचा फोडत होती. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, पान जवळ नेलं, अंगठ्यानं ते गोंदण चोळून बघितलं आणि आपाला म्हणाली, "माझी माय म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातंय, गोंदण तेवढं संगं येतं. तू तर ते आधीच नेलंस गं." मग हळूच म्हणाली, "परवा कुनीतरी दारात लिंबू टाकलं व्हतं. रातची मी कडी लावून बसते."

दुसऱ्या दिवशी आपांनी सगळ्या शाळांतून प्रती परत मागवल्या आणि स्वतःचा चेहरा काढायला बसल्या. जाड भिंगांचा चष्मा, पानानं रंगलेले दात, नाकावरचा मस. प्रत्येक प्रतीसाठी, प्रत्येक पानासाठी वेगळा, हातानं. मैद्याची खळ शिजवून मी ते कागद गिरजाबाईच्या चेहऱ्यावर चिकटवत गेले. चिकटवताना तोंडातून निघालंच, "आपा, आता लोक तुम्हाला म्हणतील. त्यात तुम्ही..." पुढचं मी गिळलं. त्यांनी ते ऐकलंच. "हौ, त्यात मैं मुसलमान. बोलने दे ना. मैं शहर में रहती, घर भरके लोगां है. वो बुढी अकेली है, फिकरवाली."

मग आपा चिकटवलेल्या प्रती घेऊन वस्तीवरच्या शाळेत गेल्या, मुलांपुढं उभ्या राहिल्या आणि चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या, "ओळखलं का? पुस्तकातली चेटकीण मीच." एक चिमुरडी पानावर बोट ठेवून म्हणाली, "व्हय! चष्मा त्योच हाय!" आणि हसण्याचा नुसता कल्ला उडाला. तेव्हापासून आपा दर महिन्याला तिकडं जात राहिल्या, आपल्यावरचं चेटकिणीचं नाव पुसट होऊ नये म्हणून. 'चेटकीणबाई आल्या' म्हणत पोरं फाटकापर्यंत धावायची. वासरू जगलं. त्याचं श्रेय मात्र कुणालाच मिळालं नाही.

म्हणून फोन आला तेव्हा मला धस्स झालं. नाव अंगावर घेणारी बाईच गेली. ते नाव पुन्हा घर शोधत फिरलं तर?

मागच्या आठवड्यात माझी प्रत घेऊन गिरजाबाईकडं गेले. तिला कळलं होतं. तिनं मला शेजारी ओट्यावर बसवलं. मग म्हणाली, "आपाच्या अंगावर गोंदण व्हतं का गं?"

"नाही."

"मंग तिनं संगं काय नेलं?"

मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पुस्तक उघडलं, चिकटवलेल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. खळ जुनी झालेली. हनुवटीपाशी कागदाचा कोपरा सुटला आणि खालचे हिरवे ठिपके दिसले. मी घाबरून तिथं अंगठा दाबला. तिनं माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला.

"दाब. नीट दाब. माझ्या नावाचं बालंट नेलंय तिनं संगं. त्ये वापस येऊ देऊ नगं."

घरी आल्या आल्या मी खळ शिजवली, प्रत्येक पानावरचे कोपरे नव्यानं बसवले. आपाचा चेहरा थोडा पिवळा पडलाय, पण चष्मा अजून चकचकीत दिसतो. पुस्तक पाट्याखाली दाबून ठेवलंय. खळ केव्हाच वाळली असेल. तरी जाता-येता मी पाटा उचलते आणि बघते, कुठं कोपरा सुटला नाही ना...