टाइप ७३ चा ड्रेन प्लग

मी मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढली. त्यातली अकरा बीएमपीचा ड्रायव्हर म्हणून. बीएमपी म्हणजे पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी. वर तोफ, पोटात जवान. ती पाण्यावर तरंगते, निदान तरंगायला हवी. हल्ली माझी पोस्टिंग दोह्यात आहे. एका कंत्राटदाराकडे ट्रान्सपोर्ट सुपरवायझर, मुक्काम तिथल्याच बिन महमूद भागात, सोबत बायको. हुद्दा गेला, पण साडेचारला जाग येते ती येतेच.

साइटवर मोरी नावाचे एक जपानी इंजिनीअर आहेत, साठीचे. ते प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात. व्हॉल्व्ह बंद. ब्रेक लागला. आसपास कुणी नसलं तरी. आमचे ड्रायव्हर त्यांची नक्कल करतात. मीही करायचो, आणि बरी करायचो.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना कळलं की मी फौजी. त्यांनी लगेच फोनवर एक जुना फोटो काढून दाखवला. कोवळे मोरी, हेल्मेट पार कानांवर आलेलं, मागे चिलखती गाडी. तरुणपणी चार वर्षं ते जपानच्या सैन्यात टाइप ७३ चे ड्रायव्हर होते.

मग काय, डबे राहिले बाजूला. टाइप ७३ ॲल्युमिनियमची, ड्रायव्हर उजवीकडे, शेजारी मशीनगनवाला, मागे नऊ जवान. तिच्यानंतर टाइप ८९ आली, तिला पस्तीस मिलिमीटरची तोफ आणि जवानांना आतून गोळ्या झाडायला बाजूंना झरोके. मी विचारलं, पोहते का? ८९ अजिबात नाही, म्हणाले. ७३ पोहते, पण आधी सजवावी लागते. चाकांना फ्लोट, पुढे लाट अडवणारी फळी, वर एक्झॉस्टभोवती पेट्या. मी म्हटलं, आमच्याकडे नवरीलासुद्धा एवढा वेळ लागत नाही. बीएमपीची फळी उचलायची की गाडी पाण्यात.

ते हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि तळाचा ड्रेन प्लग? तो तुमच्याकडे कोण बघायचं?"

त्यांच्याकडे म्हणे ड्रायव्हर प्लगला हात लावून ओरडायचा, मग दुसरा माणूस हात लावून ओरडायचा. दोन हात लागल्याशिवाय गाडी पाण्यात जायची नाही. मी डबा बंद करून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. राजस्थान, युद्धसरावाची एक्सरसाइज, कालवा पार करायचा होता. आदल्या दुपारी गाडी धुतली. आतलं गढूळ पाणी काढायला ड्रेन प्लग मी उघडला. तेवढ्यात जेवणाची शिटी झाली. परत लावला का, हे आठवत नाही. लावला नव्हता, एवढं नक्की.

सकाळी ०६४० ला आम्ही काठावर. गाडीत तिघंच, मागे जवान नव्हते. कमांडर हवालदार, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. गनर लान्स नायक मारुती शेलार, साताऱ्याकडचा, माझा जिगरी. आणि ड्रायव्हर मी. उस्तादांनी रिपोर्ट मागितला. मारुती म्हणाला, "गनर ठीक." मी म्हणालो, "ड्रायव्हर ठीक." वाकून हात लावायला दहा सेकंद लागले असते. सवयीनं बोललो.

०६४३ ला बुटात पाणी आलं. इंटरकॉमवर मी सांगितलं, "उस्ताद, पानी आ रहा है."

"कितना?"

"घुटने तक."

त्यांनी रेडिओवर ओढून काढणारी रिकव्हरी गाडी मागितली. पंप चालू होता, पुरत नव्हता. इंजिन बंद पडलं आणि नाक खाली गेलं. डोक्यावरचं हॅचचं झाकण मी दोन्ही हातांनी ढकललं, हललं नाही. वर पाण्याचा भार होता. पाणी हनुवटीला लागलं. मी आईला हाका मारल्या, आणि चड्डीत झाली. शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हेही कधीतरी सांगावं.

मग हॅच उचललं गेलं. मी खालून ढकलत होतो, वरून कुणीतरी ओढत होतं. मारुती होता. त्याचा हात माझ्या कॉलरमध्ये आला आणि मी बाहेर निघालो. त्याच क्षणी गाडी कलंडली. मला काठावरून टाकलेला दोर सापडला. मारुती गाडीखाली गेला.

११२० ला त्याला काढलं.

चौकशी लागली. उस्तादांनी आधीच पलीकडे उडी टाकलेली, त्यांना काही दिसलं नव्हतं. जे काय ते मीच सांगायचं होतं. एका वरिष्ठानं समजावलं, मेलेल्यावर चार्ज लागत नाही, तुला दोन पोरी आहेत. कागदावर आलं: प्लग गनरनं उघडा ठेवला, गनर वेळेत बाहेर पडू शकला नाही. खाली माझी सही. मी भ्यालो होतो. कालव्यात भ्यालो त्याहून जास्त.

मारुतीचा मुलगा संदीप तेव्हा पाच वर्षांचा होता. आज त्याचं वय बापाच्या तेव्हाच्या वयाएवढं आहे. तो इथेच कतारमध्ये, दुखानला एसी टेक्निशियन आहे. व्हिसाची खटपट मीच केली, त्यानं मन थोडं हलकं होईल असं वाटलं होतं. दर दुसऱ्या शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. काम संपलं तरी प्रत्येक नट पुन्हा तपासतो, म्हणून त्याचा फोरमन चिडतो. मला एकदा म्हणाला होता, "आमच्या घरात एक चूक झालीया काका, दुसरी नको."

मोरींनी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संदीपचा शुक्रवार होता. सकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. तिनं कणीक मळायची थांबवली. म्हणाली, "आज सांगा. नाहीतर त्याला पुन्हा जेवायला बोलवू नका."

संदीप १३१० ला आला. ताट वाढायच्या आधीच मी सांगितलं. प्लग माझा. सही माझी. हात पँटच्या शिवणीला लावून उभा होतो. तो मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरंही वाटलं असतं. त्यानं फोन लावला आणि माझ्यापुढं धरला.

"आईला सांगा. तुमच्या तोंडानं."

वहिनींनी उचलला. मी नाव सांगितलं आणि न थांबता सगळं बोललो. प्लग, हॅच, कॉलर, सही. शिव्याशापांची तयारी ठेवली होती.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी त्ये भायेर आलं व्हतं?"

"हो वहिनी. टपावर आला होता."

"आत घुसमटून न्हाई गेलं?"

"नाही."

चोवीस वर्षं ही बाई डोळे मिटले की त्या लोखंडी डब्यात जात होती, आणि ते दार मी बाहेरून लावलं होतं.

"उजाडलं व्हतं का तवा?" त्यांनी विचारलं.

"लख्ख उजाडलं होतं."

"मंग परत का वळलं?"

"माझ्यासाठी, वहिनी."

लान्स नायक मारुती शेलार, गनर, वय एकोणतीस. त्याचं सगळं ठीक होतं.