माझ्या गुडघ्यांवर भरलेली सभा

दुष्काळात आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध सोडून सगळं होतं. कॅन होते, टेम्पो होता, आणि चेअरमन म्हणून माझे थोरले काका होते. जनावरं पाली गावाकडच्या चारा छावणीत, त्यांच्यामागं माझे वडील आणि अर्धं गाव. रिकाम्या चेअरमनला काहीतरी कामकाज लागतंच. काकांना माझे गुडघे सापडले.

माझे गुडघे एकमेकांना चिकटायचे आणि पावलं मात्र अबोला धरल्यासारखी लांब राहायची. चालताना मी आपल्याच पायात अडकून पडायचे. महिन्यातून एकदा बीडला येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांना आतल्या बाजूनं एकेक छोटी प्लेट स्क्रूनं बसवली. प्लेट आतली बाजू धरून ठेवते, बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. "पण सरळ झाला की लगेच घेऊन या," डॉक्टर आईला म्हणाले. "उशीर केलात तर उलट्या बाजूला वाकेल."

काकांनी हे फारच मनावर घेतलं. दर आठवड्याला संस्थेच्या वजनकाट्यावर मला उभं करून सभासदांपुढं तपासणी व्हायची. म्हातारे चष्मे पुसून वाकायचे.

"डावा सरळ हाय, उजवा लई मागं हाय."

"न्हाई बे, काटाच वाकडा हाय."

मला त्यांचा संताप यायचा, पण शेवटी गुळाचा खडा मिळायचा, म्हणून मी निमूट उभी राहायचे.

आईची पद्धत वेगळी होती. ती मला गुडघे जुळवून उभं करायची आणि घोट्यांच्या मधून लाटणं घालायची. आधी लाटणं सहज जायचं, मग अडायला लागलं, मग घोटेही टेकले. आणि एका सकाळी घोटे टेकलेले असताना गुडघ्यांच्या मधे आईची करंगळी गेली. आईचा चेहरा उतरला. मला तर पाय कमानीसारखे वाकतानाच दिसायला लागले आणि मी भोकाड पसरलं.

"भावजी, टेम्पो काढा. डॉक्टर आज बीडला हायत, मंग महिनाभर न्हाईत," आई म्हणाली. गावातली एकुलती एसटी पहाटेच गेली होती.

"टेम्पो संस्थेचा हाय. घरच्या कामाला न्यायचा तर ठराव लागतो," असं म्हणून काकांनी तातडीची सभा बोलावली. पण बहुतेक सभासद छावणीत. आले तिघं. काकांनी त्यांना पुन्हा पुन्हा मोजलं, म्हणून काही ते वाढले नाहीत. "कोरम न्हाई. सभा तहकूब. बघू पुढच्या महिन्यात."

आई संस्थेची संचालक होती, महिलांच्या राखीव जागेवर. सही करायची आणि सभेला चहा करायचा, एवढंच तिचं काम. पण चहा गाळता गाळता तिनं सगळे नियम ऐकले होते. तिघं उठून पारावर गेले, ती मात्र पदर सावरून दारातच बसून राहिली. मग घड्याळ बघून उभी राहिली.

"तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरती, आन् तिला कोरम लागत न्हाई. तुमीच सांगता दरसाली. टेम्पो आत्ता बीडला निघावा, असा ठराव मी मांडते."

 काका एक वेळ देवाला नाही म्हणाले असते, नियमाला नाही. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "अनुमोदक कोण?"

मी हात वर केला.

"तू सभासद न्हाईस."

"न्हाई," आई म्हणाली, "पण पाय तिचे हायत."

काकांनी खुंटीवरची किल्ली काढली.

बीडला डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "बरं झालं आज आणलंत. आणखी थांबला असता तर वाकडेपणा उलटा काढत बसावं लागलं असतं." प्लेटा काढायचं तिथंच ठरलं. काका बाहेरच्या बाकावर बसले, माझे दोन्ही पाय त्यांनी मांडीवर घेतले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागले. "माझ्यापायी वाकले असते गं पोरी," एवढंच म्हणत राहिले. मला त्यांची फार दया आली. आई शेजारी बसून होती. त्या दिवसापासून तिनं त्यांच्यापुढं खाली बघून बोलणं सोडलं.