भिंगरीची आई

ती पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत शिवणकाम करायची. लग्नाआधीपासूनचं काम. हात इतका सरळ की मालक म्हणायचे, "हिला पट्टी कशाला लागते!" आणि तोंडही तसंच चालायचं. मशिनच्या आवाजावर मात करून ती शेजारणींना हसवायची.

मुलगी झाली. ती एका जागी ठरेना म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. आधी कौतुक होतं. पण शाळेत जायची झाली तरी तिला धड झोप नाही. कपड्याची शिवण अंगाला टोचली की अंगावरचं ओरबाडून काढायची. मनाविरुद्ध झालं की डोकं भिंतीवर आपटायची, आवरायला जाणाऱ्याला कडकडून चावायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, धीर धरा म्हणाले. शाळेतून निरोप यायचा, घेऊन जा.

नवरा ट्रकवर. घरी आला की लेकीला खांद्यावर घेऊन म्हणायचा, "वादळाची सख्खी मावशी आहे ही!" त्याला हसणं जमायचं. दोन दिवसांनी तो निघून जाणार असायचा.

नवऱ्याची थोरली बहीण जवळच राहायची. जिभेला धार. "लाडावून ठेवलीस. एक लगावून दे, सरळ होईल."

आईने एकदा लगावलीही. त्यानंतर कितीतरी दिवस भिंगरी चिडली की स्वतःच्याच गालावर मारून घ्यायची. अगदी आईसारखा हात उगारून.

आपल्यात मनाचा आजार नेमका कधी शिरला, ते आईला आजही सांगता येत नाही. सकाळी एका पायात चप्पल घालून ती तशीच बसून राहायची, दुसरी हातात. जेवण कापूस चावल्यासारखं लागायचं. दुकानात तिने एक आख्खा पडदा उलटा शिवला. वेलीवरची सगळी फुलं खाली डोकं वर पाय. मालक स्वतः टाके उसवत बसले. शेजारणी हसल्या, तिला हसूही येईना आणि रडूही.

एका सुट्टीच्या दुपारी भिंगरीने पिठाचा डबा जमिनीवर उपडा केला आणि त्यात लोळत किंचाळायला लागली. आईने डबा उचलला नाही, रागावलीही नाही. बाहेर आली, दाराला कडी घातली आणि जिना उतरली. समोर बस आली, तिच्यात चढली.

शेवटच्या थांब्यावर ती बाकावर बसून राहिली. कोणी ओरडत नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे कळल्यावर ती स्वतःलाच घाबरली.

"बाई, बस इथंच संपते," कंडक्टर म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बसा, हीच परत जाणार आहे."

दुसरं काही सुचेना म्हणून ती चढली.

घरी दार उघडं होतं. किंचाळण्याचा आवाज ऐकून कोणीतरी नणंदेला बोलावलं होतं. भिंगरी टेबलाखाली बसली होती, आवाज पार बसलेला. दार ओरबाडून बोटं सोलली होती. नणंद ती धूत होती.

"कुठे गेली होतीस?"

"बसच्या शेवटच्या थांब्यावर."

"कशाला?"

"परत यायचं नव्हतं मला." मग हळूच म्हणाली, "ताई, मला ही नकोशी झालीय. आणि मीसुद्धा मला नकोशी झालेय."

नणंद ओल्या हातांनीच खाली पिठात बसली. "हे भावाला सांगितलंस?"

"ते दमून येतात."

"आणि तू काय, पाळण्यात पडून असतेस?"

दुसऱ्याच दिवशी नणंद तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती आत बोलत असताना बाहेर भिंगरीने दोन खुर्च्या पाडल्या आणि आत्याच्या मनगटात दात रुतवले. ती बाहेर आली तेव्हा नणंद हात चोळत होती.

"बाई गं! रोज असंच?"

"रोज."

लाडावून ठेवल्याचा शब्द नणंदेने पुन्हा कधी काढला नाही. दुपारी येऊन बसू लागली.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कडी घातलीस? बाहेरून?" कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. एके दिवशी पेचकस आणला आणि कडी काढून टाकली. लांबचे मार्ग सोडून जवळचे घेतले. पण अजूनही त्याने फोन केला की आधी विचारतो, "कुठे आहेस?" तिला ते लागतं. तरी ती सांगते.

गोळ्यांनी फरक पडला, पण मुंगीच्या पावलांनी. आता ती पुन्हा शिवते, पडदे सुलटे होतात. भिंगरी वाढली तशी तिची ताकदही वाढली. चावणं कमी झालं, किंचाळणं नाही. बाहेर कुठे दाराचा खटका वाजला की ती टेबलाखाली शिरते, आणि तो आवाज आपण तिच्या कानात भरला हे आईला ठाऊक असतं.

परवा सकाळी आईला पुन्हा उठवेना. भिंगरी आली, तिच्याकडे बघत उभी राहिली. मग शेजारी जमिनीवर आडवी झाली, पाठ करून, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. तिला कोणी शिवलेलं चालत नाही. आईने हात पुढे केला नाही. दोघी तशाच पडून राहिल्या. दुकानात जायला त्या दिवशी उशीर झाला.