अहवालातला थोरला

आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. ते नाव त्याला मिळालं, आणि वर्ष भरायच्या आत तो तापाने गेला. पुढे मी झालो. नाव मोकळं होतं, ते मला दिलं. त्यामुळे दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या गावी, सांडोरच्या चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेवेळी गेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा त्यात माझं नाव आडनावासकट येतं. लहानपणी त्या क्षणी मी आईचा पदर धरायचो. नंतर सवय झाली.

दीड वर्षापूर्वी घराचं छप्पर बदलायचं ठरलं. वाशांना वाळवी लागली होती. सकाळी आईच्या खाटेवर भुसा पडलेला असे. कर्जासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. बँकेतल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सर, मोटारसायकलचे हप्ते थकलेत तुमचे."

"मला मोटारसायकल चालवता येत नाही."

"चालवता यायला कशाला पाहिजे? कर्ज त्याशिवायही मिळतं." ती हसली, मग गंभीर झाली. "चूक असेल तर क्रेडिट अहवालात दुरुस्ती करून घ्या. तोपर्यंत फाइल पुढे जाणार नाही."

क्रेडिट अहवाल घरी आणून वाचला. पहिल्या पानावर माझं नाव, वडिलांचं नाव, आणि दोन जन्मतारखा. एक माझी. दुसरी तिच्याहून दोन वर्षं आधीची. पत्तेही दोन : सांडोरचं घर आणि तुळिंजमधली एक खोली. खाली कर्जं. फ्रिजचं, फिटलेलं. शिलाई मशीनचं, फिटलेलं. मोटारसायकलचं, बरीच वर्षं वेळेवर भरलेलं आणि गेल्या काही महिन्यांपासून थांबलेलं.

आईला चूक समजावून सांगताना मी दुसरी जन्मतारीख वाचून दाखवली. ती शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"ही थोरल्याची."

मी म्हटलं, योगायोग आहे. दोन माणसांच्या नोंदी एकत्र झाल्यात. नाव, बापाचं नाव, गाव जुळलं की संगणक असं करतो. आमच्या गावांत आडनावं मोजकी, आजोबांची नावं फिरून फिरून तीच. हे सगळं खरं होतं. आईने ते ऐकून घेतलं.

"काय काय घेतलं त्याने?"

मी सांगितलं.

"शिलाई मशीन म्हणजे बायको असेल." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरा. वेळेवर भरत होता. तुझं वीजबिल दर वेळी मला आठवण करून द्यावं लागतं."

"आई, तो कोणी दुसराच माणूस आहे."

"मग हप्ते का थांबले? काय झालं त्याला?"

पुढचे दोन दिवस ती हेच विचारत राहिली. तिसऱ्या दिवशी मी तुळिंजला गेलो. कागदावरचा पत्ता तपासल्याशिवाय त्याबद्दल लिहू नये, ही मी काम करतो त्या वर्तमानपत्रातली शिस्त. तेवढंच कारण मी स्वतःला दिलं.

इमारत सापडली. गॅलरीत पाण्याचे पिंप रांगेने ठेवलेले होते. खोलीला कुलूप होतं, दाराच्या चौकटीवर छोटा लाकडी क्रूस. शेजारची बाई बाहेर आली.

"हप्तेवाले का? तुमच्या माणसांना सांगून ठेवलंय, माणूस सापडला तर आम्हालाही सांगा. आमची बादली आहे त्याच्याकडे."

मी हप्तेवाला नसल्याचं सांगितलं. तिने मला नीट पाहिलं.

"अगंबाई. सांडोरहून ना? ते बोलले होते, भाऊ येईल म्हणून."

"कोण बोललं?"

"कोण म्हणजे? इथे राहायचे ते."

"दिसायला कसे होते?"

"मला काय विचारता? आरसा नाही घरी?" ती हसली. "तुमच्यासारखेच. जरा थोराड."

कुठे गेले, ते तिला माहीत नव्हतं. बायको आधीच गेली होती. कुठे, तेही नाही. मी आणखी प्रश्न विचारले नाहीत. इतर कोणतीही बातमी असती तर विचारले असते.

आईला सांगितलं, खोली बंद आहे. बाईचं बोलणं सांगितलं नाही.

दुरुस्तीचा अर्ज मोबाइलवर भरायचा होता. आई शेजारी येऊन बसली. छप्पर तिच्या डोक्यावरचं होतं, आणि तिला ते बदलायला नको होतं असं नाही. पण तिची एक अट होती.

"हे खातं माझं नाही, एवढंच लिही. असा माणूस नाही, असं लिहू नको."

मी तसंच लिहिलं. महिनाभराने उत्तर आलं. नवीन अहवालात एकच जन्मतारीख होती, एकच पत्ता, कर्ज एकही नाही. कर्ज मंजूर झालं. सुतार आले, जुने वासे उतरवले. ते आतून इतके पोकळ होते की हातात घेताच मोडत होते. आईने विचारलं, "तो आता कुठे लिहिलेला असेल?" मी म्हटलं, त्याच्या स्वतःच्या अहवालात. त्याला स्वतःचा अहवाल असेल का, हे मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबर आला. मिस्साच्या आधी मृतांची नावं द्यायची असतात. ती आई देते. संध्याकाळी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. वाचन सुरू झालं. आजोबांच्या बहिणी, मावशी, मग माझे वडील. त्यांच्यानंतर माझं नाव यायचं. पुढचं आलं ते शेजाऱ्यांच्या घरचं.

मी आईकडे पाहिलं.

"दिलं नाही," ती समोर बघत हळूच म्हणाली. "हप्ते थकलेत त्याचे. मेलेल्याचे कसे थकतील?"

यादी संपेपर्यंत मी ऐकत राहिलो. नाव आलं नाही. परत येताना आईने फाटक उघडंच ठेवायला सांगितलं, आणि मी ते उघडं ठेवलं.