पालथा हात

काळूराम मिस्त्री मुरबाडला पहिल्यांदा माझ्या घरी आले, तेव्हा बायकोने त्यांच्यापुढे स्टीलच्या पेल्यात चहा ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. उजवा हात पालथा करून दोन बोटांची मागची बाजू पेल्याला हळूच लावली, क्षणभर थांबले, मग पेला उचलला. खुर्चीच्या लोखंडी दांडीला, खिडकीच्या गजाला, निघताना फाटकाच्या कडीलाही तसाच हात. ते गेल्यावर बायको म्हणाली, "माणूस सज्जन वाटतो, पण देवाने जरा घाबरवून पाठवलाय."

मी पुढच्या भेटीत विचारलंच. मिस्त्री हसले नाहीत. "तळहात भोळा असतो, सर. करंट लागला की मूठ वळते, आन त्यो धरून बसतो. पालथा हात शहाना. त्यो पळतो."

वीस वर्षं त्यांनी एका फिरत्या नाटक कंपनीचे दिवे सांभाळले होते. कंपनी बंद पडल्यावर ते शहापूरला परतले आणि भातगिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगमंचाचे जुने दिवे दुरुस्त करू लागले. बंद पडलेल्या नाट्यगृहांतले ते काळे, अवजड, लोखंडी स्पॉट. एकेकाचं भिंग जाड ताटलीएवढं. मिस्त्री गंज रॉकेलने सोडवत, भिंग रिठ्याच्या पाण्यात धूत. आतल्या जुन्या वायरींचं वेष्टण हात लावताच पापडासारखं मोडायचं. तिथे नवी वायर घालताना ते श्वास रोखून धरायचे.

त्या वायरींचं त्यांना भय होतं आणि त्या भयाला नाव होतं. नारायण. कंपनीतला त्यांचा जोडीदार. दौऱ्यात एकदा नारायण शिडीवर चढून दिवा बांधत होता आणि मिस्त्री खाली शिडी धरून उभे होते. वर नारायण थरथरू लागला. "त्यो नकला लय भारी करायचा, सर. मला वाटलं, नक्कलच करतोय. मी हसत व्हतो." नारायण त्या शिडीवरून जिवंत उतरला नाही. त्यांनी ती गोष्ट मला पुन्हा सांगितली नाही, मीही विचारली नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी मुंबईच्या एका मोडीत निघालेल्या नाट्यगृहातून असे आठ दिवे मिळवले. अध्यक्षांना सगळे अण्णासाहेब म्हणत, कारण तसं म्हणायला त्यांनीच सांगितलं होतं. दिवे टेम्पोतून आले तेव्हा त्यांनी ताशे लावून मिरवणूक काढली. आठांपैकी एकही पेटत नसल्यामुळे मिरवणुकीत पेट्रोमॅक्स धरावे लागले. मी मंडळाचा चिटणीस होतो. शाळेत मराठी शिकवत असल्याने निमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ मी बघावेत अशी अपेक्षा होती. मी त्याहून जास्त केलं. 'अष्टदीपांचा तेजोत्सव' असं ठळक अक्षरांत छापलं.

मिस्त्रींनी दोन महिन्यांत सात दिवे नवे केले. पाच नंबरच्या दिव्यात मात्र चिनी मातीचा होल्डर तडकलेला होता आणि त्या मापाचा दुसरा कुठे मिळेना.

"थंड असला तर देवमानूस," मिस्त्री म्हणाले. "तापला की करंट अंगावर आनतो. ह्यो नको."

"पत्रिकेत आठ छापलेत," अण्णासाहेब म्हणाले.

"मग सात छापा."

"मिस्त्री, पत्रिका वाटून झाल्यात. तुम्ही एवढे जाणकार, एका दिव्याला घाबरता?"

"व्हय. म्हनून तर अजून हाय."

अखेर मिस्त्री एका अटीवर तयार झाले. शाळेच्या मैदानात, स्टेजमागे, अर्थिंगचा खोल खड्डा खणायचा. त्यात लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, आणि रोज दोन हंडे पाणी. दिव्याच्या अंगात उतरलेला करंट त्या वाटेने जमिनीत जाईल आणि फ्यूज उडेल. पण जमीन ओली हवी. "कोरडी जमीन करंटाला वाट देत नाय, सर. मग त्यो मानसातनं वाट काढतो." माझं घर मैदानाला लागून. पाण्याची जबाबदारी मी घेतली.

वैशाख होता. आमच्या भागातल्या धरणांचं पाणी मुंबईला चोवीस तास पोचतं. आमच्याकडे ते टँकरने येतं, येईल तेव्हा. पहिले दोन दिवस मी खड्ड्यात इमानाने पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. घरच्या पिंपातले दोन हंडे घेऊन मी खड्ड्यापाशी गेलो, तर शेजारच्या वस्तीतली यमुनाबाई रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"सर, त्या खड्ड्याला लय तहान लागली का वो?" ती म्हणाली. "त्याला पाजा आधी. आमची पोरं काय, थांबतील."

मी दोन्ही हंडे तिला दिले. चौथ्या दिवशीही दिले. दोन्ही दिवस मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटत राहिलं. संध्याकाळी मिस्त्रींनी विचारलं, "पानी घातलं ना, सर?" मी म्हणालो, "घातलं." खोटं बोलतोय असंही तेव्हा वाटलं नाही. खड्ड्याला काय कळतंय, एवढाच विचार.

पाचव्या दिवशी उद्घाटन. दुपारी चारला मिस्त्रींनी आठही दिवे लावले. पाच वाजता, ऊन अजून मैदानावर असताना, अण्णासाहेबांच्या पत्नी पूजेचं ताट घेऊन आल्या. दिव्यांची पूजा व्हायची होती. त्यासाठी एक दिवा उतरवून स्टँडवर छातीच्या उंचीला पुढे आणला होता, आणि तो कुणीतरी सोयीचा म्हणून निवडलेला पाच नंबर होता. स्टेजसमोर सडा घातला होता. सड्याला पाणी मिळालं होतं, खड्ड्याला नव्हतं. पूजा म्हणून सगळ्यांना चपला काढायला लावल्या. मिस्त्रींना त्यांच्या रबरी चपलाही.

मिस्त्री म्हणाले, "वैनी, थांबा. आधी बंद करतो."

अण्णासाहेब भडकले. "पूजा पेटत्या दिव्याची करतात! भरल्या कार्यात दिवा मालवता? अपशकुन!"

आजूबाजूच्या चार बायकांनीही माना डोलावल्या. आमच्याकडे देवापुढची समई हाताने विझवत नाहीत, ती आपसूक शांत होऊ देतात. तोच नियम सगळ्यांनी हजार वॉटच्या स्पॉटला लावला. वहिनींनी बोट पाण्यात बुडवून कुंकवाला टेकवलं. पाय अनवाणी, जमीन ओली. दिवा तासभर तापलेला.

मला सगळं दिसत होतं. खड्डा कोरडा आहे हे त्या मैदानात फक्त मला ठाऊक होतं. तरी मी ओरडलो नाही. आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणीही मनाचा एक कोपरा हिशेब करत होता की ओरडलो तर सगळ्यांसमोर काय सांगावं लागेल. मिस्त्रींना तेव्हा वाट बघणं परवडणारं नव्हतं. "एक मिनिट, वैनी," म्हणत ते मध्ये शिरले आणि सवयीने पालथा हात दिव्याला लावला.

फटका बसल्यासारखा त्यांचा हात मागे उडाला. पाठोपाठ ते खुर्च्यांच्या पहिल्या रांगेवर कोसळले. पडता पडता ओरडले, "मेन! मेन पाडा!" तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. वहिनींच्या हातातलं ताट खाली पडून गोल फिरत राहिलं, आणि सगळं मैदान ते थांबण्याची वाट बघत होतं.

पाणी पिऊन मिस्त्री उठले. त्यांनी टेस्टचा बल्ब मागवला, मेन पुन्हा चढवायला लावलं, आणि बल्बची एक वायर फेजला, दुसरी खड्ड्यातल्या पाइपला लावली. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो. तो निखाऱ्यासारखा मिणमिणला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, पानी?"

"परवापासून नाही घातलं," मी म्हणालो.

"कुनाला दिलंत?"

"यमुनाबाईला."

"बरं केलंत," ते म्हणाले. मग दुखरा हात छातीशी धरून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तिची तहान खोटी नव्हती, सर. तुमचं 'घातलं' खोटं व्हतं. मला सांगायचं व्हतं. मी पाच नंबर काढून ठेवला असता, बस."

त्या दिवशी नाटक नेहमीच्या ट्यूबलाइटवर झालं. लोकांना काही फरक जाणवला नाही.

मिस्त्रींची ती दोन बोटं कायमची बधिर झाली. ज्या बोटांनी ते जग तपासत, नेमकी तीच. डावा हात काळजाच्या बाजूचा म्हणून लावत नसत. मग पुढची दहाएक वर्षं, प्रयोगाआधी बल्बची चाचणी झाली की ते स्वतः मेनपाशी उभे राहत आणि मला म्हणत, "लावा हात, सर. पालथा." मी रबरी चपला घालून आठ दिव्यांपुढून जायचो. प्रत्येक दिव्यापाशी पुढे केलेला हात दोनदा मागे घ्यायचो. एकदा म्हटलं, "मिस्त्री, ही शिक्षा आहे का?"

"नाय वो. तुमी भिता, म्हनून तुमी. न भिनारा मानूस मला दिव्यापाशी नको."

त्याआधी ते पाण्याचं विचारत. मी आता नीट उत्तर द्यायला शिकलो होतो. "दीड हंडा. अर्धा यमुनाबाईने नेला." ते मान हलवत आणि त्या हिशोबाने पाच नंबर ठेवत किंवा उतरवत.

मिस्त्री गेले ते तापाने, घरच्या खाटेवर, कसलाही दिवा जवळ नसताना. त्यानंतरच्या वैशाखात मैदानात पुन्हा स्टेज उभं राहिलं. टँकर दोन दिवस आला नव्हता. प्रयोगाच्या दुपारी मी खड्ड्यापाशी उभा राहिलो. विचारणारं कुणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणालो, "पाऊण हंडा, मिस्त्री."

मग शिडी लावली आणि पाच नंबर खाली उतरवला. अण्णासाहेब धावत आले, "अहो, पत्रिकेत आठ आहेत!"

"सात आहेत," मी म्हणालो. "या वर्षी मी सातच छापलेत."