नावांचा कब्जेदार

आमच्या घरमालकांइतका निरुपयोगी वस्तूंचा मालक अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा झाला नसेल. तहसील कचेरीत तीस वर्षं जमिनीचे कागद हाताळून ते निवृत्त झाले, ते कचेरी डोक्यात घेऊनच. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, कोणाच्या तरी ताब्यातल्या आणि मोकळ्या पडलेल्या. मोकळी गोष्ट दिसली की त्यांचे हात शिवशिवत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच रुमाल, चष्म्याचं घर आणि दुमडलेली पिशवी टाकून ते पुढच्या तीन खुर्च्या अडवत, मग बरोबर कोणी आलेलं असो वा नसो. नवघरच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर प्रत्येक वळणाला त्यांची एक कुंडी होती. एकीतही झाड जगलेलं नव्हतं. मी एकदा पाणी घालायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या बीएस्सी, ते झाड नाही, हद्दीची खूण आहे." दारावरच्या पाटीवर नावापुढे मी पदवी लिहिली होती, म्हणून ते मला बीएस्सी म्हणत. थट्टाच होती ती. पण आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे मला ती गोड लागे.

अशा माणसाला इंटरनेट दाखवू नये. मी दाखवलं. दोन ओळींत मनातलं लिहून जगापुढे टाकायची एक साइट तेव्हा नवीन आली होती आणि नवघर रोडवरच्या सायबर कॅफेत मी त्यांना तिथलं खातं उघडून देत होतो. दोन ओळींशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. "हे खात्याचं नाव कोणाला मिळतं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, पहिला येईल त्याला. "मोजणी नाही? हरकती मागवत नाहीत?" नाही म्हटलं. "अरेरे, असा कारभार असतो का कुठं!" असं हळहळत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याच बैठकीत नवघर, काशीगाव, भेंडी, दुधी, मोगरा आणि सत्यनारायण अशी सहा नावं धरली. महिन्याभरात एक शंभर पानी वही भरली. नाव, पासवर्ड आणि शेरा, असे तीन रकाने. मला त्यांचं हसू येई आणि खरं सांगायचं तर चीडही येई. आमच्या गावी एका पुस्तकावर तीन पोरं शिकली, आणि इथं हा गृहस्थ हवेतल्या नावांना कुंपण घालत बसलेला! पण त्यांची श्रद्धा अढळ होती. "वहिवाट मोडली की हक्क गेला," असं म्हणून ते दर रविवारी कॅफेत बसत आणि एकेका नावाने इंग्रजी अक्षरांत एकच मजकूर टाकत: "जागा रिकामी नाही." भेंडी सांगतेय जागा रिकामी नाही, मोगरा सांगतोय जागा रिकामी नाही! तो सगळा मजकूर बहुधा कॅफेची मालकीणबाई सोडून कोणीही वाचत नव्हतं.

या नावांना पुढे सोन्याचा भाव येणार, असं ते शेजाऱ्यांना बजावत. आला तो एकदाच. जवळच्या इंद्रलोक वसाहतीतल्या फरसाणवाल्याला त्यांनी 'फरसाण' हे नाव स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासह, अकरा महिन्यांच्या कराराने दिलं. अनामत म्हणून त्याच्याकडून पापडीचा डबा आणला. फरसाणवाल्याने आठवडाभर वाट पाहिली आणि मग जिन्यातच त्यांना गाठलं. "काका, नाम तो मिल गया, लेकिन इस में काउंटर किधर लगाऊँ?" "काउंटर तुम्हारा प्रश्न है," घरमालक म्हणाले, "हमने जगह दी है." पापडी तोवर संपली होती.

या साइटवर माझ्या वाट्याला माझं नाव आलं नव्हतं. कुणीतरी ते आधीच घेतलेलं होतं, म्हणून नावापुढे दोनचा आकडा लावून मी समाधान मानलं. पुढे अंधेरीतल्या एका जाहिरात कंपनीत मुलाखतीचा योग आला. लोकांना कंपनीची माहिती आपल्या खात्यावरून देत राहायची, असं काम होतं. दिवसभर कम्प्युटरमध्ये आकडे भरण्याच्या माझ्या तेव्हाच्या कामापेक्षा कितीतरी बरं, आणि त्या नोकरीवर मी फार आस लावून बसलो होतो. साहेबांनी माझं नाव आकड्याशिवाय टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर्षभर दर रविवारी मी जगाला सांगत होतो की जागा रिकामी नाही. वर फोटोच्या जागी एक पाटी होती, 'कुंडी हलवू नये.' अक्षर ओळखायला मला क्षणही लागला नाही. साहेब म्हणाले, "आमच्या गिऱ्हाइकांनी शोधलं तर आधी हे दिसणार. सोमवारपर्यंत हे नाव हातात घ्या, नाहीतर दुसरा उमेदवार आहे."

मी तडक घरमालकांकडे गेलो. "काका, माझं नाव तुम्ही घेतलंत?"

"घेतलं नाही, सांभाळलं. भाडेकरारावर वाचलं, बघितलं तर मोकळं. कोणी भलताच घुसला असता म्हणजे?"

"पण ते माझं नाव आहे!"

"कागद?"

मी खाली जाऊन पदवीचं प्रमाणपत्र आणलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासलं. "हा शिक्षणाचा कागद झाला, मालकीचा नव्हे. पण तुम्ही माणूस चांगले, अकरा महिन्यांच्या करारावर देतो."

म्हणजे खोलीतही भाडेकरू आणि नावातही भाडेकरू! आतून काकूंचा आवाज आला, "द्या हो त्याचं नाव त्याला! बायकोला हाक मारताना 'अगं ए'च्या पुढे जात नाही तुम्ही, लोकांची नावं कसली सांभाळताय?"

माझे वडील डोळे तपासून घ्यायला गावाहून आले होते. बाजार समितीत हमाली करून त्यांनी मला शिकवलं. आवाज ऐकून ते टोपी सावरत वर आले आणि दारातच उभे राहिले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सायेब, ते नाव म्या ठेवलंया."

"तुम्ही?"

"व्हय. ह्याची आत्या दुसरंच काढून बसली हुती. बारशात भांडलो मी. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं नाव हाय ते. म्हणलं, आमची तर सही बी धड येत न्हाई, पोराचं नाव तरी शिकलेलं असूद्या."

घरमालकांनी चष्मा काढला. "साक्षीदार?"

"आत्याच की. अजून बोलत न्हाई माझ्यासंगं."

"मग मिटलंच," घरमालक उठले. "मूळ मालक हजर असताना आमची वहिवाट कसली!" त्यांनी कोरा कागद घेतला, ताबा दिल्याची पावती वळणदार अक्षरात लिहिली, खाली पासवर्ड लिहिला आणि कागद दोन्ही हातांनी वडिलांना दिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वडिलांनी एकेक अक्षर जोडत सही केली आणि मला म्हणाले, "उतरून घे आन् वापर. कागूद माझ्यापाशी ऱ्हाईल."

चहा आला. वडील वहीची पानं उलटत होते. वाचता फारसं येत नव्हतं, पण भरलेल्या वहीबद्दल त्यांना आदर होता. "यवढ्यात तुमचं नाव कुठलं?" त्यांनी सहज विचारलं.

घरमालकांनी वही हळूच ओढून घेतली. "माझं नाही मिळालं. भेंडी-दुधी धरण्याच्या नादात उशीर झाला. कानपूरचा कोणीतरी बसलाय तिथं."

"मग आपल्या वडलांना घिऊन जावा की त्येच्याकडं."

"वडील कुठले आता," घरमालक म्हणाले आणि बशीत चहा ओतत राहिले. बशी भरून चहा खाली सांडला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मला नोकरी मिळाली आणि पुढे वर्षभरात मी ती खोली सोडली. घरमालकांना आता कम्प्युटरसमोर बसवत नाही, त्यांची भेंडी आणि मोगरा कधीच गप्प झाले आहेत. मी मात्र अधूनमधून त्यांचं नाव त्या साइटवर टाकून पाहतो. कानपूरवाला अजून हललेला नाही.